गृहस्थाची पाच स्थाने
(कुटुंबात एकत्र बसून वाचण्यासाठी एक पाठ)

सोनागिरीतील घरांची सकाळ कशी उजाडते, हे वाचकांना सांगावयास नको. नळाच्या पाण्याची वेळ, दूधवाल्याची हाक, गॅसवर ठेवलेला चहा, मुलांचे डबे, कचरागाडीचे गाणे, कोणाच्या कामाची पाळी, कोणाच्या शाळेची बस. आणि या सर्वांतून उरलीच तर देवापुढे उभे राहण्यास पाच मिनिटे. मंदिरात येणाऱ्या अनेक भगिनींच्या तोंडून आम्ही एकच वाक्य वारंवार ऐकतो : "घरकामातून सवड होत नाही, मग धर्माचे काही हातून घडणार कसे?"

या तक्रारीत एक समजूत दडलेली आहे. धर्म देव्हाऱ्यापाशी असतो आणि ओट्यापाशी असते ते नुसते काम, अशी ती समजूत. आमच्या पूर्वजांची दृष्टी मात्र अशी नव्हती. त्यांनी गृहस्थधर्माचा विचार करताना ओट्याला, मोरीला आणि केरसुणीला पहिल्या रांगेत बसविले. तो विचार काय होता व आजच्या शहरातील घरात त्याचा अर्थ कसा लावावयाचा, एवढेच या पाठात पाहावयाचे आहे.

१. शास्त्राचे म्हणणे

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायातील ६८ व्या श्लोकात गृहस्थाच्या घरी पाच 'सूना' असतात, असे सांगितले आहे. सूना म्हणजे जीवहत्या होते ते स्थान. खाटकाच्या जागेसही हाच शब्द आहे. ही पाच स्थाने कोणती? चूल, पेषणी म्हणजे पाटा किंवा जाते, केरसुणी व तत्सम साधने, कंडनी म्हणजे उखळ-मुसळ, आणि पाण्याचा घडा. चुलीतील लाकडाबरोबर किडा जळतो, जात्यात धनोर भरडला जातो, केरसुणीखाली मुंगी सापडते, मुसळाखाली आणि घड्याखाली एखादा जीव चिरडतो. करणाऱ्याच्या मनात हिंसा नसते. त्याला तर घरातील माणसांना जेवू घालावयाचे असते. तरीही इजा होते, आणि तिचे ऋण घरावर चढते.

ही यादी पाहून आम्हांस नेहमी आश्चर्य वाटते. हिंसेची स्थाने सांगताना येथे रणांगणाचे नाव नाही, शिकारीचे नाही. अत्यंत पापभीरू माणसाच्या घरात जी पाच साधने रोज हाताळली जातात, त्यांचीच नावे आहेत.

हे ऋण फेडण्यासाठी पंचमहायज्ञ सांगितले आहेत. अध्ययन-अध्यापन हा ब्रह्मयज्ञ, पितरांचे तर्पण हा पितृयज्ञ, होम हा देवयज्ञ, प्राणिमात्रांना अन्नाचा अंश देणे हा भूतयज्ञ आणि अतिथीचा सत्कार हा नृयज्ञ. या पाच यज्ञांची परंपरा मनुस्मृतीहूनही जुनी असून शतपथ ब्राह्मणात व तैत्तिरीय आरण्यकात त्यांचा उल्लेख आहे. जेवणापूर्वी ताटाभोवती घालावयाच्या चित्राहुती, गाईचा घास, कावळ्याचा घास या आपल्या घरांतील चाली त्याच विचाराच्या खुणा होत.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मनुस्मृतीत स्त्रिया व शूद्र यांच्याविषयी जी भेदभावाची वचने आहेत ती आज आपण मानीत नाही, आणि मानूही नयेत. परंतु घरातील साध्या कामातही कोणाला तरी इजा होत असते व ती पाहण्याची दृष्टी गृहस्थाला असावी, हा विचार मात्र घेण्यासारखा आहे. तो आम्हांस पुस्तकातून कळला नाही. घरातच, आणि फार उशिरा कळला.

२. एका सकाळची गोष्ट

आमचे वडील मंदिरात पूजा करतात, म्हणून लहानपणापासून आमचे घर म्हणजे मंदिराचेच स्वयंपाकघर. गेल्या कार्तिकात काकडआरतीचे दिवस होते. पहाटे स्नान करून आम्ही नित्याप्रमाणे ओल्या पायांनीच सोवळे आणावयास आतल्या खोलीत गेलो. न्हाणीघरापासून कपाटापर्यंत फरशीवर पाणी सांडत गेले. ते आम्हांस दिसले नाही असे नाही. पण ते पुसणे आपले काम आहे, असे मनातही आले नाही. थोड्या वेळाने मातोश्री नैवेद्याचे दूध घेऊन त्याच वाटेने आल्या, आणि पाय घसरून पडल्या. उजव्या मनगटाचे हाड मोडले. दीड महिना हात प्लास्टरमध्ये राहिला.

आम्ही त्यांना उठविण्यास धावलो तेव्हा त्या म्हणाल्या, "अरे, आधी दूध पुसून घे, नाहीतर अण्णा घसरतील." त्या क्षणी लाज वाटली नाही, नुसती धांदल झाली. लाज वाटली ती दुसऱ्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी काकडआरतीला पाऊण तास उशीर झाला. वडील तयार होते, मंत्र पाठ होते, मंडळी जमली होती; पण ताम्हनाला आदल्या दिवशीचे तेल लागलेले होते, फुलवाती वळलेल्या नव्हत्या, गंध उगाळलेले नव्हते, पंचामृताची वाटी सापडत नव्हती, आणि शुद्ध वस्त्र दोरीवर अजून ओले होते. आम्ही चिंचेने तांब्याची भांडी घाशीत बसलो. पंचवीस वर्षांचा आमचा जन्म पुजाऱ्याच्या घरात गेला, तरी समईला चिकटलेले तेल काढण्यास आधी कोरडी राख किंवा पीठ लावून पुसावे लागते, हे आम्हांस ठाऊक नव्हते. पाणी लावल्याने ते अधिकच पसरले.

त्या पहाटे एका पूजेमागे किती हातकामे असतात, ती आम्ही मोजली. देवापुढे वडील बसण्यापूर्वीची लहानमोठी एकोणीस कामे निघाली. त्यांपैकी सतरा मातोश्री करीत. भाविक पूजेला नमस्कार करीत, वडिलांच्या पाया पडत. त्या सतरा कामांना कोणी नमस्कार केल्याचे आम्हांस आठवत नाही. आम्हीही केला नव्हता.

'उदकुंभ' हे पाचवे स्थान हिंसेचे कसे, हा प्रश्न आम्हांस विद्यार्थिदशेत पडला होता. त्याचे उत्तर आम्हीच आमच्या ओल्या पावलांनी फरशीवर लिहून ठेवले.

३. कामे तीच, हात उणे

ही केवळ आमच्या घरची गोष्ट नव्हे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले आणि राजधानी नागपुराहून भोपाळला आली. तेव्हा सरकारी कचेऱ्यांबरोबर पुष्कळ मराठी कुटुंबे येथे आली. त्याच सुमारास येथे हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना उभा राहू लागला. ६ नोव्हेंबर १९६० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. पिपलानी, बरखेडा येथे क्वार्टरे झाली, पुढे सोनागिरीसारख्या वसाहती वाढल्या. नोकरीनिमित्त आलेल्या माणसाबरोबर पत्नी आली, मुले आली. पण वाडा गावीच राहिला. सासू, जाऊ, नणंद, आत्या यांच्या हातांत वाटले जाणारे काम क्वार्टरातील दोन खोल्यांत एकाच बाईच्या दोन हातांवर आले.

यंत्रांनी पुष्कळ भार हलका केला, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. धुराच्या चुलीने आमच्या आज्यांचे डोळे व छाती यांचे जे नुकसान केले, ते गॅसने थांबविले. १९६० नंतरच्या दशकात आपल्याकडचे मसाले वाटू शकणारा मिक्सर मुंबईत तयार होऊ लागला, आणि पाटा-वरवंटा गॅलरीत गेला. आमच्या घरच्या पाट्यावर आज तुळशीची कुंडी आहे. परंतु यंत्राने काम सोपे केले तरी ते कोणी करावयाचे, हा प्रश्न यंत्राने सोडविला नाही. भारत सरकारच्या २०१९ सालच्या वेळ-वापर पाहणीत, दिवसभरात बिनमोबदल्याचे घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा सरासरी वेळ २९९ मिनिटे आणि पुरुषांचा ९७ मिनिटे आढळला. त्यातही घरकामाला हात लावणाऱ्या स्त्रिया शेकडा ८१.२ होत्या, तर पुरुष शेकडा २६.१. म्हणजे चार पुरुषांतील तिघांच्या दिवसात घरकाम मुळी नव्हतेच.

४. आजच्या घरातील पाच स्थाने

आता जुनी पाच स्थाने हाती घेऊन आजच्या घरात फिरून पाहू.

चूल. आज चुलीच्या जागी गॅस आहे. सिलिंडरातील वायूला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. वास येताच खिडक्या-दारे उघडावीत, रेग्युलेटर बंद करावा, आणि विजेचे कोणतेही बटन चालू किंवा बंद करू नये. बटनातील ठिणगीही पुरेशी होते. रात्री निजण्यापूर्वी रेग्युलेटर बंद करणे हे घरात कोणा एकाचे ठरलेले काम असावे. "तिने केलेच असेल" या भरवशावर ते राहू नये.

पेषणी. मिक्सरचे पाते फेसाच्या पाण्यात भांड्यांखाली बुडवून ठेवणारा हात एक, आणि त्या पाण्यात न पाहता घातला जाणारा हात दुसरा. वापरलेले पाते तेव्हाच धुऊन बाजूला ठेवावे. विळीचे पाते मिटून ठेवावे. काम ज्याने सुरू केले, त्यानेच ते शेवटास न्यावे.

केरसुणी. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतो. वर्षातून एक दिवस पूजा आणि उरलेले दिवस दाराआड, हा न्याय बरा नव्हे. आपला केर घराबाहेर पडला म्हणजे संपत नाही; तो दुसऱ्या कोणाच्या हातात जातो. फुटलेल्या काचेचा तुकडा, दाढीचे पाते, औषधाची सुई ही ओल्या कचऱ्यात टाकली, तर कचरागाडीवरील माणसाचा हात कापतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा देणे हे घराचे कर्तव्य ठरविले. काच जाड कागदात गुंडाळून वेगळी द्यावी आणि देताना तोंडाने सांगावे. कचरा देण्यास आपण किती आळसतो, आणि घेणारा मात्र उन्हापावसात दारी येतो, याचा विचार व्हावा. अमरावती जिल्ह्यात जन्मलेले गाडगे महाराज (१८७६–१९५६) गावात शिरले की आधी खराटा हाती घेत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. त्यांच्या लेखी गाव झाडणे ही कीर्तनाची पूर्वतयारी नसून कीर्तनाचाच पूर्वार्ध होता.

कंडनी. उखळ-मुसळ आता आपल्या घरात नाही. भात गिरणीत सडला जातो, गहू चक्कीवर दळला जातो. कांडण घराबाहेर गेले खरे, पण कष्ट नाहीसे झाले नाहीत. ते आपल्या डोळ्यांआड झाले. आपल्या घरी भांडी घासावयास येणारी बाई आणखी चार घरे करून येते. तिला ताप असताना "आज तरी ये" असा निरोप धाडणे, ही डोळ्यांआडची कंडनी होय. तिला ठरलेली सुट्टी असावी, पगार वेळेवर मिळावा, आणि तिचा चहा फुटक्या कपात नसावा. यासाठी मोठ्या धर्मज्ञानाची जरुरी नाही.

उदकुंभ. भोपाळच्या नळाला येणारे पाणी मोठ्या तलावातून, कोलार धरणातून आणि नर्मदेतून येते. राजा भोजाच्या नावाने ओळखला जाणारा मोठा तलाव आणि त्याच्या शेजारचा छोटा तलाव मिळून 'भोज पाणथळ' म्हणून २००२ साली रामसर करारातील आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या यादीत नोंदले गेले. आपण ज्या पाण्याने देवाला स्नान घालतो त्याच पाण्यात प्लॅस्टिकच्या पिशवीसह निर्माल्य सोडणे, ही कसली पूजा? निर्माल्य कुंडीतील मातीत जिरवावे. तेच खत तुळशीला घालावे. आणखी एक गोष्ट. उन्हाळा सरल्यावर कूलरमध्ये पाणी तसेच राहते. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो, आणि अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा पुरतो. म्हणून आठवड्यातून एक वार ठरवून कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या व पिंपे कोरडी करावीत. आणि न्हाणीघरातून बाहेर येताना पाय पुसावेत. हे शेवटचे वाक्य आम्ही स्वतःसाठी लिहीत आहोत.

५. देवाने खुंट्याला हात घातला

घरकामाचे माहात्म्य सांगताना आपल्याकडे संत जनाबाईंचे उदाहरण हमखास दिले जाते. त्या नामदेवांच्या घरी दळीत, कांडीत, शेणी वेचीत, आणि हे सर्व करताना विठ्ठलाचे नाम घेत. पंढरपूरजवळ गोपाळपूर येथे त्यांचे म्हणून एक जातेही दाखविले जाते. ही कथा सांगून आपण बहुधा एवढेच तात्पर्य काढतो की, स्त्रीने काम करताना कुरकुर करू नये, नाम घ्यावे.

हे तात्पर्य अपुरे आहे. कथा नीट आठवून पाहावी. विठ्ठल जनाबाईंच्या जात्यापाशी आला, आणि त्याने काय केले? त्याने उपदेश केला नाही. "तुझी भक्ती थोर आहे" असे म्हणून तो विटेवर परत गेला नाही. तो जात्याशी बसला आणि त्याने खुंट्याला हात घातला. पैठणला एकनाथांच्या घरी तो श्रीखंड्या होऊन बारा वर्षे कावडीने पाणी भरीत होता, अशी परंपरा सांगते. नाथषष्ठीच्या उत्सवात तेथील रांजण भरण्याची चाल आजही आहे. धर्मराजाच्या यज्ञात श्रीकृष्णाने उष्ट्या पत्रावळी उचलल्या, हेही आपण कीर्तनातून ऐकत आलो आहोत.

जात्याचा खुंटा, पाण्याची कावड आणि उष्टी पत्रावळ. देवाने हात घालण्यास निवडलेल्या या तीन जागा पाहाव्यात. पंचसूनांतील दोन तर त्यांत सरळच येतात, आणि तिसरी केरसुणीला लागूनच आहे. गृहस्थाला जेथे ऋण चढते, तेथेच देव मदतीस आला. मग देवाचे भक्त म्हणविणाऱ्या आम्ही पुरुषांनी जेवून उठताना ताट जागीच ठेवावे, हे कोणत्या भक्तीत बसते? ज्या घरी जनाबाईंची कथा रंगून ऐकली जाते आणि खुंट्याला दुसरा हात लागत नाही, त्या घरी कथा अर्धीच पोहोचली, असे म्हणावे लागेल.

यावर कोणी म्हणेल की, घरधनी दिवसभर बाहेर राबतो, त्याने घरीही राबावयाचे काय? प्रश्न रास्त आहे. पाळीवरून आलेला माणूस थकलेला असतो, यात संशय नाही. परंतु आज सोनागिरीतील कित्येक घरांत पतिपत्नी दोघेही कामावर जातात, आणि परतल्यावर एक जण पंख्याखाली बसतो, दुसरी पदर खोचते. आणि जी घरीच असते तिची पाळी तर सुटतच नाही. कामाची काटेकोर वाटणी करून घर तराजूत घालावे, असे आमचे म्हणणे नाही. ऋण कोणावर चढले आहे ते दिसावे, आणि दिसल्यावर हात पुढे व्हावा, इतकेच म्हणणे आहे.

मातोश्रींचा हात आता बरा आहे. पूर्वीसारखे जड भांडे मात्र त्या उजव्या हाताने उचलू शकत नाहीत. पहाटेची भांडी, वाती आणि गंध ही तीन कामे आमच्याकडे आहेत. वाती अजून मातोश्रींसारख्या साधत नाहीत. एखादी लवकर विझते, मग वडील मंत्र न थांबविता आमच्याकडे एकवार पाहतात. पूर्वी आम्ही भांडी घाशीत असता "मंत्र केव्हा म्हणणार?" असे ते विचारीत. एके दिवशी त्यांनी स्वतः मोरीवर येऊन ताम्हन विसळले आणि काही न बोलता निघून गेले. त्या दिवसापासून तो प्रश्न त्यांनी विचारलेला नाही.

६. पाठाचा अभ्यास

पुढील अंक येईपर्यंत प्रत्येक कुटुंबाने हा अभ्यास करून पाहावा :

(१) एका रविवारी सर्वांनी मिळून घरातील नित्य कामांची यादी करावी. प्रत्येक कामापुढे ते कोण करतो त्याचे नाव लिहावे. यादी मुलांनी लिहावी. मोठ्यांनी खाडाखोड करू नये.

(२) आजच्या पाच स्थानांपैकी प्रत्येकी एक काम, आजवर ज्याने ते कधी केले नाही, त्याने महिनाभर अंगावर घ्यावे.

(३) ब्रह्मयज्ञ म्हणून, जिला ते काम येते तिच्याकडून ते शिकून घ्यावे. शिकताना "हे काय अवघड आहे?" असे म्हणू नये.

(४) भूतयज्ञ म्हणून, गॅलरीत पाखरांसाठी पाण्याचे पसरट भांडे ठेवावे आणि ते रोज धुऊन भरावे.

(५) नृयज्ञ म्हणून, कचरागाडीवर येणाऱ्या व घरकामास येणाऱ्या व्यक्तीचे नाव घरातील प्रत्येकास ठाऊक असावे आणि हाक त्या नावाने मारावी.

जेवणापूर्वी चित्राहुती घालण्याची चाल ज्या घरी असेल, त्या घरी ती चालू राहावी. फक्त जेवणानंतर आपले ताट आपण उचलून मोरीत न्यावे, आणि नेताना फरशीवर काही सांडले तर तेही पुसावे. आमच्या समजुतीप्रमाणे त्या दिवशीचा यज्ञ तेथे पुरा होतो.